पास्कलच्या नावानंतरची शांतता

ठाकुर्लीला आमच्या इमारतीच्या गच्चीवर माझी एक अँटेना आहे. सोसायटीतल्या निम्म्या लोकांना ती माझ्या टीव्हीची वाटते, आणि उरलेल्यांना वाटतं की तिच्यामुळेच त्यांचा टीव्ही बिघडतो. नोकरी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली, लोकांच्या लाइनी जोडत जोडत निवृत्त झालो. पण संपादकांनी 'तुमच्या कामाविषयी लिहा' म्हटलं तेव्हा मला टेलिफोन आठवला नाही. आठवलं ते माझं दुसरं काम, ज्याचा एक पैसा घ्यायलाही कायद्याने बंदी आहे. मी हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारा.

हे काम बाहेरून दिसतं तेवढं गमतीचं नाही. आधी सरकारी परीक्षा, मग परवाना, मग तुमची स्वतःची एक ओळख, जिला कॉल साइन म्हणतात. ती सांगितल्याशिवाय हवेत तोंड उघडायचं नाही. गाणी लावायची नाहीत, धंद्याचं बोलायचं नाही, सांकेतिक भाषेत बोलायचं नाही. दुसऱ्याचा निरोप कानावर पडला तर तो पोटात ठेवायचा. नवीन माणूस या नियमांना इतका दबकतो की सुरुवातीला नुसता ऐकत बसतो. मीही तसाच बसलेलो. या लेखात मी कुणाचीच कॉल साइन देणार नाही, नावंच लिहितो. वाचणाऱ्यालाही तेच सोपं.

एवढी बंधनं घालून सरकार आम्हाला पोसतं कशाला, तर अडीअडचणीसाठी. मोबाइलला टॉवर लागतो, टॉवरला वीज लागते, आणि पूर आला की नेमकं तेच आडवं होतं. आमच्या सेटला एक बॅटरी आणि एक वायर पुरते. अशा वेळी एरवी बंद असलेलं एक दार उघडतं आणि आम्ही इतरांचे निरोप पोचवू शकतो. त्यात एक पथ्य असतं. निरोप दिला तसाच पोचवायचा, शब्द बदलायचा नाही, सुधारायचा नाही, आपली अक्कल मध्ये घालायची नाही.

एकदा कल्याणला नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरलं आणि लोकांना शाळेत हलवलं. मी तिथे सेट मांडून बसलो होतो. एक गृहस्थ तावातावाने आले. म्हणाले, "हॉलवाल्याला कळवा, पानं कमी वाढा, आमचं वऱ्हाड अडकलंय."

"धंद्याचा निरोप चालत नाही, काका."

"अहो, अन्न वाया जाईल!"

"वऱ्हाड सुखरूप आहे, एवढं कळवतो."

तेवढं कळवलं. पलीकडून ताबडतोब प्रश्न आला, "मग पानं किती धरू?" त्यावर मी जे बोललो ते सेटचं बोलायचं बटण सोडून बोललो, हे माझं नशीब.

त्याच शाळेत एक म्हातारी होती. तिला मुंब्र्याच्या मुलाला कळवायचं होतं, "मी कोरडी आहे." शेजारचा स्वयंसेवक म्हणाला, "सुखरूप आहे असं लिहा ना, बरं दिसतं." मी लिहिलं नाही. कोरडी आहे हेच पाठवलं. निरोप ऐकून तो मुलगा रडायला लागला, असं तिकडच्या माणसाने सांगितलं. ते शब्द आईचेच, हे त्याला लगेच कळलं असणार.

आता पास्कलकडे वळतो, कारण मला लिहायचं होतं ते त्याच्याविषयीच.

पास्कल कोलशेतचा. खाडीकाठच्या जुन्या गावठाणातलं त्याचं घर, कौलारू, आत लाकडी माळा, गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस. बापजादे मासेमारी करायचे, हा तिथल्याच एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन झाला. दर रविवारी सकाळी आम्ही हॅम मंडळी ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर जमायचो. ही आमची हजेरी. मी ठाकुर्लीहून एकेक नाव पुकारायचो, ज्याचं नाव त्याने ओ द्यायची, मध्ये कुणी बोलायचं नाही. पुरात शंभर माणसं एकदम बोलू लागली तर कुणाचंच ऐकू येत नाही, म्हणून शिस्तीची ही तालीम. वर्तकनगरच्या नेनेबाई, निवृत्त शिक्षिका, त्यांच्या शाळेतल्या ठसक्यात "उपस्थित" म्हणायच्या. पास्कल म्हणायचा, "आहे रे, आहे." त्याच्या बोलण्यामागे हटकून मोनिकावहिनींच्या भांड्यांचा आवाज यायचा.

पास्कल हृदयविकाराने गेला, झोपेतच. आमच्यात माणूस मेला असं म्हणत नाहीत, त्याची चावी शांत झाली म्हणतात. हे जुन्या तारायंत्राच्या दिवसांपासून चालत आलंय. परवानेवाला गेला की त्याचे सेट दुसऱ्या परवानेवाल्याकडे द्यायचे असतात, म्हणून वहिनींनी त्याचा मोठा सेट मला दिला. त्याचा हातात मावणारा छोटा सेट मात्र दिसेना. मी विचारलं तर म्हणाल्या, "तो त्याच्यासंगं गेला, सावंतभाऊ. पेटीत ठेवला मी."

मला ते आवडलं. मीही तेच केलं असतं, असं वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी हजेरी घेताना मी त्याचं नाव गाळू शकलो नाही. नियमात असं काही नाही, पण मंडळींनी ठरवलं की नाव त्याच्या जागी राहू द्यायचं. मी पुकारायचं आणि मग सगळ्यांनी स्क्वेल्च उघडून थोडं थांबायचं. स्क्वेल्च म्हणजे काय, ते सांगतो. रेडिओवर कुणी बोलत नसलं की नुसती खरखर येत राहते, भाजीची फोडणी चरचरत राहावी तशी. ती कान किटवते म्हणून एका बटणाने बंद ठेवलेली असते. त्यात एक तोटा आहे. फार अशक्त सिग्नल आला तर तोही त्या बंद दाराबाहेरच राहतो. पास्कलच्या नावानंतर आम्ही ते दार उघडायचो, रिकामं आभाळ ऐकायचो, आणि मी पुढचं नाव घ्यायचो.

काही रविवार असे गेले. मग एकदा मी "पास्कल" म्हटलं, स्क्वेल्च उघडला, खरखर सुरू झाली, आणि मध्येच थांबली.

बाहेरच्या माणसाला यात भिण्यासारखं काय, असं वाटेल. म्हणून नीट सांगतो. खरखर आपोआप थांबत नाही. ती थांबते, जेव्हा कुठेतरी कुणीतरी सेटचं बटण दाबतं. दाबून तो बोलला नाही, तर खरखरीच्या जागी एक पोकळी ऐकू येते, कुणीतरी खोलीत येऊन न बोलता उभं राहिल्यासारखी. ती पोकळी दोन श्वास टिकली आणि गेली. पुन्हा खरखर.

"ऐकलंत?" मी नेनेबाईंना विचारलं.

"काय ऐकायचं? नेहमीचीच खरखर."

कुणीच ऐकलं नव्हतं. माझी अँटेना सगळ्यात उंच, म्हणून एवढा अशक्त सिग्नल मलाच मिळाला, अशी मी स्वतःची समजूत काढली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. दुसऱ्या कुणाच्या नावाला नाही, फक्त पास्कलच्या. नेनेबाई म्हणाल्या, "सावंत, कानाचा डॉक्टर गाठा." मग मी रेकॉर्ड करून ऐकवलं, तेव्हा त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. ऐकून म्हणाल्या, "ओळख न देता प्रक्षेपण करणं हा गुन्हा आहे. तक्रार करायला हवी."

"कुणाविरुद्ध?" मी विचारलं.

माझी अँटेना फिरवता येते. ज्या दिशेला तोंड केल्यावर सिग्नल जोरात येतो, त्या दिशेला तो सेट. एका रविवारी मी ती आधीच पश्चिमेला वळवून ठेवली, खाडीच्या आणि तिवरांच्या पलीकडे, कोलशेतच्या रोखाने. नाव पुकारलं. पोकळी आली, आणि इतकी स्वच्छ आली की मी खुर्चीतून उठलो. कोलशेतला त्याचं घर होतं, आणि त्याच बाजूला, थोडं पुढे, त्याला पुरलं ती जागाही होती. अँटेना एवढा बारीक फरक सांगत नाही. त्या दुपारी मी, विज्ञान शिकलेला माणूस, पेटीतल्या सेटची बॅटरी किती दिवस टिकेल याचा हिशेब करत बसलो. मग स्वतःचीच भीती वाटली आणि पंखा लावून आडवा झालो.

शेवटी वहिनींना भेटायला गेलो. मुलगा पुण्याला, त्यामुळे त्या घरात एकट्याच. चहा दिला, खारी दिली. मी चाचरत सांगितलं की रविवारी पास्कलचं नाव घेतलं की कुणीतरी बटण दाबतं.

त्यांनी भिंतीवरच्या त्याच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुमाला राग येतो काय त्याचा?"

"राग नाही हो. भीती वाटते."

त्या कपबशी उचलून आत गेल्या. पुढच्या रविवारी पोकळी आली, पण अगदी पुसटशी, आली न आली एवढीच, आणि लगेच गेली. मला घाबरवू नये म्हणून कुणीतरी पाऊल हळू टाकल्यासारखं वाटलं, आणि त्यानेच मी जास्त घाबरलो.

मग त्या पावसाळ्यात एक मोठी भरती आली. वर धो धो पाऊस, खाली खाडी फुगलेली, पाण्याला जायला वाट नाही. सकाळीच वीज गेली, थोड्या वेळाने मोबाइल मुके झाले. नेनेबाई ठाण्याला आपत्ती नियंत्रण कक्षात सेट घेऊन जाऊन बसल्या, मी ठाकुर्लीहून निरोपांची वाहतूक सांभाळू लागलो. डोंबिवलीहून कुणी इन्शुलिन मागत होतं, दिव्याहून होडी. दुपारी मी सर्व केंद्रांची हजेरी घ्यायला लागलो, कोण हवेत आहे, कुणाची बॅटरी संपली, ते कळावं म्हणून. रविवारची तीच नावं, त्याच क्रमाने. आणि जिभेच्या सवयीने मी म्हणून गेलो, "पास्कल."

हातानेही सवयीने स्क्वेल्च उघडला.

"सावंत, आज नको हो!" नेनेबाई कडाडल्या. "इथे माणसं बुडतायत!"

त्यांचं बरोबर होतं. मी पुढचं नाव घेणार, एवढ्यात खरखर थांबली. या वेळी ती पोकळी रिकामी नव्हती. आत पाणी होतं. लाकडावर थपथप आपटणारं, घरात कोंडलेलं पाणी.

मी सगळ्यांना गप्प केलं.

"जे कुणी बटण दाबतंय त्यांनी ऐका. हो असेल तर एकदा दाबा, नाही असेल तर दोनदा. तुम्ही संकटात आहात?"

पोकळी आली, एकदा.

पुढचा प्रश्न मी विचारायला नको होता असं आज वाटतं, पण त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही.

"तू पास्कल आहेस?"

खरखर चालू राहिली. मग ती तुटली, जोडली गेली, पुन्हा तुटली. दोनदा. नाही.

इतके दिवस छातीवर ठेवलेलं काहीतरी उतरलं, आणि त्याच क्षणी पलीकडे कोण आहे ते मला कळलं.

"मोनिकावहिनी?"

एकदा. लांब.

"वहिनी, बोला! नुसतं दाबू नका, बोला!"

काही नाही. नुसतं पाणी. मग मला उमजलं की त्या का बोलत नाहीत. या बाईने उभा जन्म पास्कलचं एक वाक्य ऐकलं होतं. परवाना नाही त्याने सेटवर शब्द काढायचा नाही. मी बटण दाबलं आणि पाठ असलेला नियम शब्द वेगवेगळे करून सांगितला, "वहिनी, जीव धोक्यात असेल तेव्हा परवाना लागत नाही. कुणालाही लागत नाही. हा नियम सगळ्या नियमांच्या वरचा आहे. पास्कलला ठाऊक होता. बोला."

आणि वहिनी बोलल्या. "भाऊ, पानी खिडकीच्या वर आलंय. मी माळ्यावर हाय. कपाट आडवं पडलंय, दार उघडत नाय. सगल्यांना वाटतंय मी पुण्याला पोराकडं गेले. कोनाला ठाऊकच नाय मी आत हाय."

"घर कसं ओळखायचं?"

"क्रुसाच्या मागचं पयलं. क्रूस पान्यात गेला आसंल, त्याच्या वरचा हात दिसंल."

हे मला जेमतेम ऐकू येत होतं, ठाण्याला कक्षाच्या आत, छोट्या अँटेनावर तर येणं शक्यच नव्हतं. मी नेनेबाईंना तेच सांगितलं, शब्दाला शब्द. कक्षातल्या साहेबाने सर्व्हे नंबर मागितला, इमारतीचं नाव मागितलं. बाई शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, "निरोप आहे तसा पुढे जाईल. क्रुसाच्या मागचं पहिलं. क्रुसाचा वरचा हात दिसेल." कोलशेतच्या बंदरावर अग्निशमनवाल्यांबरोबर तिथलेच कोळी होड्या घेऊन उभे होते. त्यांना नकाशा लागला नाही.

"वहिनी, आता बटण दाबू नका, बॅटरी वाचवा. होडी निघाली आहे. फक्त ऐकत राहा."

मग मी स्क्वेल्च उघडा ठेवून बसलो. इतर निरोप नेनेबाईंनी दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर नेले. मी खिडकीतून पश्चिमेकडे बघत होतो आणि तिथे पाऊस सोडून काही नव्हतं. इतके रविवार मी त्या पोकळीला भ्यायलो होतो. आता ती येत नव्हती म्हणून जीव जात होता. मीच दाबू नका म्हटलं होतं, तरी मनात म्हणत होतो, एकदा तरी दाबा हो. एक-दोनदा मी उगीचच बोललो, "वहिनी, आहे मी, आहे." पास्कलचेच शब्द तोंडात आले, हे मागाहून लक्षात आलं.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. नेनेबाईंचा आवाज आला तेव्हा त्यात शिक्षिका उरलीच नव्हती. "सावंत, मिळाल्या. कौलं काढून वर घेतलं. कोळी म्हणाले, सेट हातातून सोडत नव्हत्या. नावेत चढताना पाण्यात पडला शेवटी." एवढं म्हणून त्या बटण न सोडताच रडल्या, आणि सगळ्यांनी ते ऐकलं. नियमात बसत नाही, पण कुणी तक्रार केली नाही.

वहिनींना मी आमच्याकडे ठाकुर्लीला आणलं, मुलगा येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्या स्वतःच म्हणाल्या, "खोटं बोलले भाऊ तुमाला. पेटीत नव्हता ठेवला. चार्ज करून ऐकत बसायची रविवारची. तुमी त्याला हाक मारायचे आनि मग सगले गप. कोन ओ नाय देत. मला सोसवायचं नाय ते. मानसाला हाक मारली तर ओ द्यायला नको कोनी? म्हनून दाबायची. माइकवर हात ठेवायची, श्वास पन जायला नको म्हनून."

"आणि त्या दिवशी पाणी भरायला लागल्यावर लगेच का नाही दाबलंत?"

"आपलं नाव आल्याबिगर मधे पडायचं नाय, त्यानंच शिकवलं होतं. तुमी त्याचं नाव घ्यायची वाट बघत होते. दिवा ऐकला, डोंबिवली ऐकली. म्हनत होते, घेतील, घेतील. एका हातानं वासा धरलेला, म्हनून माइक झाकता आला नाय."

मी उठून गॅलरीत गेलो. त्या दिवशी घाईत मी शहाण्यासारखा वागलो असतो, गेलेल्या माणसाचं नाव गाळलं असतं, तर ती बाई शिस्तीत, आपली पाळी येण्याची वाट बघत बुडाली असती. हे मला अजून मधूनच आठवतं आणि हातातलं काम थांबतं.

रविवार आला. वहिनी माझ्या शेजारी वेताच्या मोड्यावर बसल्या, पदर डोक्यावर घेऊन, चर्चमध्ये बसाव्या तशा. मी एकेक नाव पुकारत गेलो. नेनेबाई "उपस्थित" म्हणाल्या. मग पास्कलची जागा आली. मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

"पास्कल."

स्क्वेल्च उघडला. खरखर सुरू झाली. मी नेहमीच्या सवयीने ती तुटायची वाट पाहू लागलो. छोटा सेट खाडीच्या तळाशी होता, आणि तो दाबणारी बाई माझ्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसली होती, हे पक्कं ठाऊक असूनही वाट पाहिली. खरखर तुटली नाही. ती चालूच राहिली, एकसारखी, कोलशेतपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे. त्याच्या पेटीवर मी स्वतः माती टाकली होती, तरी पास्कल गेला, हे मला त्या क्षणी कळलं. बटणावरचा माझा हात हलेना. पलीकडे सगळी मंडळी गप्प, माझी वाट बघत.

वहिनींनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"नाय तो," त्या म्हणाल्या. "भाऊ, पुढचं नाव घ्या."